झडतीचे वॉरंट: अर्जदाराचा संशय आणि न्यायालयाची खात्री

कायदेविषयक प्रश्नोत्तरे

सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून या वेळी आलेल्या पत्रांत घराच्या व दुकानाच्या झडतीविषयीचे प्रश्न अधिक असल्याने हा संपूर्ण स्तंभ त्याच विषयाला दिला आहे. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

प्रश्न: सांगलीच्या मार्केट यार्डात माझी व एका नातेवाइकाची भागीदारीत हळदीची पेढी आहे. गेली दोन वर्षे त्यांनी मला हिशोब दाखवलेला नाही. काही माल परस्पर विकून पैसे स्वतःच्या खात्यावर घेतल्याचे एका खरेदीदाराकडून समजले. पोलिसांनी ‘हा दिवाणी वाद आहे’ असे सांगून माझा अर्ज निकाली काढला, म्हणून मी वकिलांमार्फत खासगी फिर्याद दाखल करीत आहे. रोजकीर्द आणि खतावणी त्यांनी गावभागातील आपल्या घरी हलवली असावी असा मला संशय आहे. न्यायालय सर्च वॉरंट देईल का, आणि देताना काय पाहते?
— एक वाचक, सांगली

उत्तर: आपल्याला संशय आहे एवढ्यावर वॉरंट मिळत नाही. कायद्याने कसोटी ठेवली आहे ती न्यायालयाच्या खात्रीची, आणि ही खात्री न्यायदंडाधिकाऱ्यांना समोर आलेल्या मजकुरावरून स्वतः करून घ्यावी लागते. ती अर्जदाराकडून किंवा पोलिसांकडून उसनी घेता येत नाही.

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली आणि जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम 93 ची जागा नव्या संहितेच्या कलम 96 ने घेतली. क्रमांक बदलला तरी गाभा तोच राहिल्याने जुने न्यायनिर्णय आजही उपयोगी पडतात. या कलमाखाली तीन प्रसंगी झडतीचे वॉरंट काढता येते. एखाद्या व्यक्तीला कागदपत्र किंवा वस्तू हजर करण्याचे समन्स काढले तरी ती व्यक्ती ते हजर करणार नाही, असे मानण्यास न्यायालयाला कारण असेल, तो पहिला प्रसंग. ती वस्तू कोणाच्या ताब्यात आहे हेच न्यायालयाला ठाऊक नसेल, तो दुसरा. आणि चौकशी, खटला किंवा संहितेखालील अन्य कार्यवाहीचे काम सर्वसाधारण झडतीने वा तपासणीने साधेल असे न्यायालयाला वाटत असेल, तो तिसरा.

यांपैकी पहिला प्रसंग सर्वांत सरळ दिसत असला तरी आपल्या कामी येणार नाही. आपले नातेवाईक फिर्यादीत आरोपी आहेत, आणि आरोपीला स्वतःविरुद्धचा पुरावा हजर करण्याचे समन्स काढता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने श्यामलाल मोहनलाल चोक्सी प्रकरणात 1964 मध्ये ठरवले आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद 20(3) प्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्यास भाग पाडता येत नाही, हे त्यामागचे तत्त्व. जेथे समन्सच काढता येत नाही, तेथे ‘समन्स काढले तरी ते जुमानणार नाहीत’ हे कारणही उरत नाही. आपला अर्ज म्हणून दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रसंगावर उभा करावा लागेल.

येथे कोणीही विचारील, की समन्स नको तर झडती कशी चालते? याचे उत्तर आठ न्यायमूर्तींच्या पीठाने एम. पी. शर्मा प्रकरणात 1954 मध्येच दिलेले आहे. झडतीत वस्तू शोधून ताब्यात घेतो तो अधिकारी. घरमालकाला त्यात स्वतःहून काहीही करावे लागत नाही, म्हणून ती सक्तीची साक्ष ठरत नाही. त्याच निकालात खासगीपणाच्या हक्काविषयी जे म्हटले होते ते मात्र पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी रद्दबातल ठरवले आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. त्यामुळे कोणाच्या राहत्या घराचे दार वॉरंटाने उघडायचे असेल, तर तेवढी गरज खरोखरच आहे का, हा प्रश्न आज न्यायदंडाधिकाऱ्यांना अधिक काटेकोरपणे स्वतःला विचारावा लागतो.

व्ही. एस. कुट्टन पिल्लई (1980) हा निकाल आपल्या वकिलांनी अर्जासोबत अवश्य जोडावा. केरळमधील एका सभेच्या कार्यालयातून हिशोबाची पुस्तके मिळवण्यासाठी काढलेले वॉरंट सर्वोच्च न्यायालयाने त्यात कायम केले, आणि सभेचे पदाधिकारी आरोपी असूनही सर्वसाधारण झडतीला बाध येत नाही असे म्हटले. त्याच वेळी न्यायालयाने हेही बजावले, की झडतीचे वॉरंट ही गंभीर बाब असून असा अर्ज यांत्रिकपणे, एका ओळीच्या आदेशाने निकाली काढू नये. कोणत्या कारणाने मन वळले हे दंडाधिकाऱ्यांनी लिहावे आणि त्यांनी विचार केला आहे हे आदेशातच दिसावे. आपल्या दृष्टीने याचा व्यावहारिक अर्थ असा, की ती कारणे लिहिता येतील एवढा मजकूर अर्जदारानेच पुरवायला हवा. बहुतेक अर्ज याच ठिकाणी लंगडे पडतात.

‘आरोपीच्या ताब्यातील सर्व कागदपत्रे जप्त करावीत’ अशी मागणी केली, तर ती चाचपडण्यासाठीची परवानगी ठरते आणि फेटाळली जाण्याचीच शक्यता अधिक. त्याऐवजी ‘पेढीची 2023-24 व 2024-25 या वर्षांची रोजकीर्द, खतावणी, वजनपावत्या आणि सौद्याच्या पट्ट्या’ असे नेमके लिहावे. त्या पुस्तकांतील कोणत्या नोंदींवरून परस्पर विक्री सिद्ध होईल ते सांगावे. पुस्तके पेढीवरून कोणी, साधारण कधी, कोणत्या वाहनातून हलवताना कोणी पाहिली त्याचे शपथपत्र जोडावे. आणि घराचा सिटी सर्व्हे क्रमांक, मजला व खोली यांचा उल्लेख करावा. कलम 96(2) प्रमाणे न्यायालय झडती विशिष्ट जागेपुरती किंवा जागेच्या एका भागापुरती मर्यादित करू शकते, आणि तशी मर्यादा घातल्यावर बजावणी करणाऱ्याला शेजारच्या खोलीतही पाय ठेवता येत नाही. मर्यादित मागणी करणाऱ्या अर्जदाराला वॉरंट मिळणे सोपे जाते, हे माझे मत आहे. संहितेच्या परिशिष्टातील वॉरंटाचा नमुना पाहिला तरी हेच दिसते: गुन्हा कोणता, शोधायची वस्तू कोणती आणि झडती कोणत्या घरापुरती किंवा घराच्या भागापुरती, या जागा त्यात मोकळ्या सोडलेल्या असतात. त्या आपल्या अर्जावरून भरता आल्या पाहिजेत.

आता दोन अडचणी सांगतो. वेलजी राघवजी पटेल विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 1965 च्या निकालाप्रमाणे एका भागीदाराने भागीदारीची रक्कम वापरली, तर विशेष करार करून ती त्याच्याकडे सोपवलेली असल्याशिवाय सहसा विश्वासघाताचा गुन्हा होत नाही. फिर्यादीतून गुन्हाच दिसत नसेल तर झडतीची पायरी येतच नाही, आणि पोलिसांनी ‘दिवाणी वाद’ म्हणण्यामागे हेच कारण असू शकते. बनावट पावत्या किंवा खोट्या नोंदी असतील, तर फिर्यादीचा भर त्यावर हवा. दुसरी अडचण नव्या संहितेने आणली आहे. कलम 223 प्रमाणे खासगी फिर्यादीची दखल घेण्यापूर्वी आरोपीला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते, म्हणजे नोटीस हाती पडताच पुस्तके हलवायला त्यांना अवधी मिळतो. म्हणून झडतीचा अर्ज फिर्यादीसोबतच द्यावा आणि नोटीस निघण्यापूर्वी त्यावर सुनावणी घेण्याची विनंती करावी. कलम 175(3) खाली पोलीस तपासाचा आदेश मागणे हाही मार्ग आहे.

हे सारे असले तरी, आपल्याला खरोखर हवा आहे तो हिशोब, आणि त्यासाठी फौजदारी न्यायालय हा जवळचा रस्ता नव्हे. भागीदारी अधिनियम, 1932 चे कलम 12 पेढीची पुस्तके पाहण्याचा व त्यांच्या नकला घेण्याचा हक्क आपल्याला देते, आणि दिवाणी दाव्यात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 39, नियम 7 खाली वादातील वस्तूंची तपासणी करण्याचा किंवा त्या जपून ठेवण्याचा आदेश मागता येतो.

प्रश्न: शेजारच्या शिवारातून पाणबुडी मोटारीची केबल चोरीला गेली. सायंकाळी पोलीस आमच्या घरी आले, वॉरंट दाखवले नाही, गोठा व घर तपासले, तांब्याच्या तारेचे एक भेंडोळे आणि माझ्या मुलाचा मोबाईल घेऊन गेले. एक शिपाई सर्व वेळ चित्रीकरण करीत होता. आम्हाला कोणताही कागद दिला नाही. वॉरंटाशिवाय अशी झडती चालते का?
— एक वाचक, कोरेगाव (जि. सातारा)

उत्तर: चालते, पण पोलिसांच्या मर्जीवर नव्हे. कलम 185 (जुने कलम 165) प्रमाणे पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला किंवा तपास अधिकाऱ्याला वॉरंटाशिवाय झडती घेता येते. मात्र तपासासाठी आवश्यक वस्तू त्या जागी सापडेल असे मानण्यास वाजवी कारण असले पाहिजे आणि अन्य मार्गाने ती अवाजवी विलंबाशिवाय मिळणार नाही असे त्याचे मत असले पाहिजे. ही कारणे, आणि शक्य तेवढ्या स्पष्टपणे शोधायची वस्तू, त्याने झडतीपूर्वी केस डायरीत लिहायची असतात. न्यायालयात जाऊन वॉरंट आणण्याइतका वेळ नाही, हाच या अधिकाराचा आधार आहे. चार दिवस वाट पाहून पाचव्या दिवशी ‘तातडीने’ झडती घेतली असेल, तर त्या तातडीची उलटतपासणी जरूर व्हावी.

या लेखी नोंदीला सर्वोच्च न्यायालयाने किती महत्त्व दिले, हे राजस्थान राज्य विरुद्ध रेहमान या 1960 च्या निकालात दिसते. अबकारी अधिकारी कारणे न लिहिता झडतीला गेला, घरमालकाने त्याला अडवले, आणि झडतीच बेकायदा असल्याने घरमालकाची सुटका कायम राहिली. हा निकाल वाचून कोणी दारात आडवे उभे राहावे, असे मात्र मी सुचवणार नाही. डायरीत काय लिहिले आहे हे दारात उभ्या असलेल्या माणसाला कळण्याचा मार्ग नसतो, आणि कारणे लिहिलेली निघाली तर सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा अंगावर येतो.

आपण मागायचे ते कागद असे. कलम 185 प्रमाणे त्या नोंदींच्या प्रती 48 तासांच्या आत जवळच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवणे बंधनकारक आहे, आणि घरमालकाने अर्ज केल्यास त्याची प्रत न्यायालयाकडून विनामूल्य मिळते. 48 तासांची मुदत नव्या संहितेने घातली. पूर्वी नुसते ‘ताबडतोब’ एवढेच होते. जप्त वस्तूंची यादी वेगळी. कलम 103 प्रमाणे त्या परिसरातील दोन किंवा अधिक स्वतंत्र व प्रतिष्ठित रहिवाशांसमोर झडती व्हावी, सापडलेली प्रत्येक वस्तू कोठे मिळाली ते लिहून पंचांच्या सह्या घ्याव्यात, आणि घरात राहणाऱ्याला हजर राहू देऊन यादीची प्रत त्याच्या हाती द्यावी. आपल्या बाबतीत ‘तांब्याची तार, एक नग’ अशी नोंद आणि ‘गोठ्याच्या पूर्वेकडील भिंतीलगत, पेंडीच्या पोत्यामागे, अंदाजे अमुक किलो वजनाचे, जळालेल्या आवरणाचे भेंडोळे’ अशी नोंद, यांत खटल्याच्या वेळी फार मोठा फरक पडतो. तार तुमच्या जुन्या मोटारीच्या वाइंडिंगची असेल, तर दुसऱ्या प्रकारची नोंदच तुमच्या बचावाला येईल. वाइंडिंग करणाऱ्या कारागिराची पावतीही शोधून ठेवावी.

चित्रीकरण हे पोलिसांचे औदार्य नाही. कलम 105 प्रमाणे झडती, यादी करणे व पंचांच्या सह्या हे सर्व दृक्-श्राव्य साधनाने, शक्यतो मोबाईलवर, टिपून ते चित्रण विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचे असते. चित्रण अर्धवट असेल किंवा यादी करतानाचा भाग त्यात नसेल, तर ती बाब वकिलांनी न्यायालयाच्या नजरेस आणावी.

मुलाच्या मोबाईलविषयी मला अधिक आक्षेप वाटतो. केबलच्या चोरीशी त्या मोबाईलचा संबंध काय, हे नोंदीत असले पाहिजे. कर्नाटक उच्च न्यायालयाने 2021 मध्ये, वीरेंद्र खन्ना प्रकरणात, मोबाईलमधील माहिती तपासणे हीदेखील झडतीच असून तिला झडतीचेच नियम लागू होतात अशी भूमिका घेतली. महाराष्ट्रातील न्यायालयांवर हा निकाल बंधनकारक नाही, पण तो दाखवता येतो. मोबाईल परत मिळण्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे मुद्देमाल परतीचा अर्ज करावा.

झडती बेकायदा ठरली म्हणजे सापडलेली तार पुराव्यातून आपोआप बाद होते, हा समज मात्र सोडून द्यावा. राधाकिशन (1963) आणि पूरनमल (1974) या निकालांपासून आपल्याकडे स्थिर झालेला नियम असा, की झडतीत दोष असला तरी मिळालेला पुरावा वाचता येतो. न्यायालय तो अधिक सावधपणे पारखते, एवढेच. हा नियम पोलिसांना नको तेवढा सैल सोडतो असे मला वाटते. विनाकारण किंवा त्रास देण्यासाठी झडती घेणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 147 खाली शिक्षेची तरतूद आहे, पण तक्रारदाराला ते सिद्ध करणे जड जाते.

प्रश्न: सासरच्यांनी मला घराबाहेर काढले आणि सात वर्षांच्या मुलाला ठेवून घेतले. सर्च वॉरंट काढून मुलगा लगेच ताब्यात मिळेल, असे एका परिचितांनी सांगितले. हे खरे आहे का?
— एक वाचक, मिरज

उत्तर: ताई, आपल्या परिचितांच्या मनात कलम 100 (जुने कलम 97) असावे. एखाद्या व्यक्तीला कोंडून ठेवले आहे आणि तसे कोंडणे हा गुन्हा ठरतो, असे मानण्यास कारण असेल, तर जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी म्हणजे आपण ज्यांना प्रांत म्हणतो ते, किंवा प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी झडतीचे वॉरंट काढू शकतात. येथे ‘गुन्हा ठरतो’ या दोन शब्दांवर सारे अवलंबून आहे. वडिलांकडे असलेला मुलगा बेकायदा कोंडलेला आहे असे म्हणता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने रमेश विरुद्ध लक्ष्मीबाई या 1998 च्या प्रकरणात म्हटले असल्याने आपला अर्ज बहुधा टिकणार नाही, आणि टिकला नाही तर त्यात गेलेले आठवडे वाया जातील.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 च्या कलम 21 खाली न्यायदंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा देऊ शकतात, आणि घराबाहेर काढण्याची तक्रार त्याच अर्जात मांडता येते. आधी हा अर्ज करावा. कायमच्या ताब्यासाठी पालक व पाल्य अधिनियम, 1890 खाली स्वतंत्र अर्ज लागेल. मुलाला वडिलांनी नव्हे, तर दूरच्या नातेवाइकांनी दडवले असेल तर चित्र बदलते. तशा वेळी उच्च न्यायालयात देहोपस्थितीची (हेबियस कॉर्पस) याचिका, म्हणजे बेकायदा अडकवून ठेवलेल्या व्यक्तीला न्यायालयापुढे हजर करण्याची मागणी, करता येते. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्याने सांगली व सातारा जिल्ह्यांतील पक्षकारांना त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही.

सासरी आपल्यालाच खोलीत कोंडले असते आणि आपल्या माहेरच्यांनी हा अर्ज केला असता, तर मात्र हेच कलम नेमके लागू पडले असते. अशा अर्जात माहिती देणाऱ्याचे नाते, शेवटचा फोन कधी झाला आणि कोंडल्याचे कशावरून कळले, हे दंडाधिकारी प्रामुख्याने पाहतात.

प्रश्न: शेजाऱ्याच्या घरझडतीसाठी पोलिसांनी मला पंच म्हणून बोलावले. मी नकार दिला तर गुन्हा होतो का? आणि पंच झालो तर कोर्टाच्या खेपा चुकणार नाहीत ना?
— एक वाचक, कराड

उत्तर: तोंडी विनंती नाकारणे हा गुन्हा नाही. लेखी आदेश देऊन बोलावल्यावर वाजवी कारणाशिवाय हजर राहण्यास किंवा साक्षीदार होण्यास नकार दिला, तर कलम 103(8) प्रमाणे तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 222 खालील गुन्हा मानला जातो. आजारपण किंवा घरातील अडचण हे वाजवी कारण होऊ शकते. शेजाऱ्याशी संबंध बिघडतील हे कारण न्यायालय मान्य करील असे वाटत नाही. पंचाला न्यायालयाने खास समन्स काढल्याशिवाय साक्षीला यावे लागत नाही, असे त्याच कलमात म्हटले आहे. पण खटल्यात पंचनामा सिद्ध करायची वेळ आली की तसे समन्स बहुधा निघतेच, म्हणून सही करण्यापूर्वी यादीतील प्रत्येक वस्तू आपल्यादेखत आणि लिहिल्या जागीच सापडली का, हे पाहून घ्यावे. न पाहिलेल्या वस्तूपुढे सही मागितली तर ती देऊ नये.